आठच्या जागी चार

“अहो, हा साडेतीन दाखवतोय.”

मी हे जमेल तितक्या हळू म्हणाले होते. दुकानात साउंडवाले हणमंतनाना उभे होते, बाहेर त्यांचा टेम्पो चालू ठेवलेला होता, आणि गिऱ्हाइकासमोर बायकोनं मिस्त्रीला काही सांगावं हे आमच्या दुकानात चालत नव्हतं. मी जमिनीवर बसलेली, मांडीला टेकवलेला अठरा इंची स्पीकर, त्याच्या दोन टोकांना मीटरच्या दोन सुया लावलेल्या. खोक्यात स्पीकर उतरवण्याआधी मीटर लावायचा, ही माझी सवय.

“काय म्हणलीस?” ह्यांनी विचारलं.

“साडेतीन. मघाचाही तेवढाच. आठ ओहमचा असता तर सहाच्या आसपास काटा यायला पाहिजे. हा चारचा वाटतोय.”

हे खाली वाकले नाहीत. मीटरकडं पाहिलंही नाही. नानांकडं बघून हसले आणि म्हणाले, “सेल उतरलाय मीटरचा. बंद कर खोका. नानांना अकराचा परण्या गाठायचाय.”

मी खोका बंद केला. दोन स्पीकर, सोळा बोल्ट, वरून जाळी. नाना आणि टेम्पोवाला दोघांनी मिळून तो उचलला, टेम्पोत चढवला आणि सव्वानऊला ते गेलेसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी मी असंच एकदा बोलले होते. एका गिऱ्हाइकाच्या स्पीकरच्या लाल-काळ्या तारा ह्यांनी उलट्या जोडल्या होत्या आणि मी ते त्या माणसासमोर सांगितलं होतं. तो माणूस उलट खूश झाला, “वहिनीपण मिस्त्री हायत की,” म्हणाला. तो गेल्यावर ह्यांनी पेचकसाची मूठ माझ्या बोटांवर मारली. दोन बोटं पंधरा दिवस सुजलेली होती. भाकरी थापताना कळ यायची. तेव्हापासून मला ह्यांची भीती बसली. त्याआधीही होती, पण तेव्हापासून ती अंगात मुरली.

हे स्पीकर दुरुस्तीचं दुकान विट्यात होतं. फाटलेले कोन, जळालेल्या कॉइली, फुटलेले खोके, सगळं आमच्याकडं यायचं. अर्जुन मिस्त्री म्हणजे तालुक्यातलं नाव होतं, आणि खोटं कशाला बोलू, ह्यांच्या हाताला गुण होता. पण त्याहून मोठी ह्यांची एक ऐट होती. माझ्या दुकानातून खोका दुरुस्तीशिवाय परत जात नाही, असं हे चारचौघांत सांगायचे. लग्न करून आले तेव्हा मला ओहम म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. ह्यांच्या शेजारी बसून अकरा वर्षांत मी कॉइल गुंडाळायला, तारांना डाग द्यायला, मीटर लावायला शिकले. शिकवलं कुणी नाही. आज कऱ्हाडात माझं स्वतःचं दुकान आहे, पण ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली आहे आणि तेव्हा मी मिस्त्रीची बायको होते, एवढंच.

त्या दिवशी साडेनऊच्या गाडीनं कोन आणायला हे सांगलीला गेले. गाडी वळली असेल-नसेल, मी फळीवरचा एक जुना स्पीकर खाली काढला. तो आठ ओहमचाच होता. त्याची कॉइल मी स्वतः गुंडाळली होती. त्याला सुया लावल्या. काटा सहाच्या किंचित पुढं जाऊन थांबला.

मीटर चांगला होता. सेल उतरलेला नव्हता.

मी दुसरा स्पीकर काढला, तिसरा काढला. सगळे बरोबर दाखवत होते. म्हणजे नानांच्या खोक्यात गेलेले दोन्ही स्पीकर चारचे होते आणि ते मी माझ्या हातानं बोल्ट आवळून बसवले होते.

ज्याला ह्यातलं काही कळत नाही त्याच्यासाठी सांगते. ओहम म्हणजे स्पीकर मशीनला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला, जी अडवणूक करतो ती. अडवणूक कमी झाली की मशीन जास्त करंट ओतायला लागतं. नानांचं मशीन दोन खोके ओढायचं, चार स्पीकर, सगळे आठचे, आणि तेवढ्यावरच त्याची ताकद संपायची. आता त्यातले दोन चारचे झाले होते. असं मशीन आधी तापतं. मग आतला एखादा ट्रान्झिस्टर जातो, आणि मग सगळा करंट गाणंबिणं सोडून सरळ स्पीकरच्या कॉइलमध्ये घुसतो. कॉइल लाल होते. तिच्याभोवती कागदाचा कोन असतो, खोक्याला आतून कापूस लावलेला असतो.

मागच्या हंगामात एका यात्रेत असाच एक बेसचा खोका पेटला होता. ऑपरेटर आत अडकला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. आता तो पानपट्टीवर बसतो आणि पानाला चुना त्याची बायको लावते. मी त्या बाईला ओळखत होते.

आणि नानांच्या साउंडच्या ट्रॉलीवर ऑपरेटर होता माझा भाऊ, आनंदा.

आई गेली तेव्हा आनंदा सात वर्षांचा होता आणि मी पंधराची. त्याला मी वाढवलं. माझं लग्न झाल्यावर काही वर्षांनी तो माझ्यामागं विट्याला आला, दोन गल्ल्या सोडून राहू लागला, आणि ह्यांनीच त्याला नानांच्या साउंडवर चिकटवून दिलं. दाजी म्हणजे त्याला देव. ट्रॉलीवर त्याची बसायची जागा मी पाहिली होती. पुढं बेसचे खोके, मध्ये मशीनं, मागं जनरेटर. त्या सगळ्याच्या मधल्या फटीत तो मांडी घालून बसायचा. बाहेर पडायला एकच वाट, जनरेटरवरून. जनरेटरशेजारी डिझेलचा कॅन.

हे सगळं मला पावणेदहाला कळलं होतं. आणि मी सव्वादहापर्यंत दुकानात बसून राहिले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण आता सांगते. अर्धा तास मी स्वतःची समजूत घालत होते. कदाचित नाना आवाज कमी ठेवतील. कदाचित मशीन टिकेल. मी गेले आणि बोभाटा झाला, मिस्त्रीच्या बायकोनं येऊन मिस्त्रीची चूक काढली असं गावभर झालं, तर संध्याकाळी माझं काय होईल? एकीकडं भाऊ आणि दुसरीकडं माझी बोटं, असा हिशेब मी अर्धा तास करत होते. मला त्याची लाज वाटते. मध्येच कोपऱ्यावरच्या बूथवरून नानांच्या मोबाइलवर दोनदा फोन लावला. ढवळेवाडीत रेंज नव्हती.

मग मला एकदम त्या पानपट्टीवाल्याचे हात दिसले. मी पेचकस, पाना, मीटर आणि तारेचं एक भेंडोळं पिशवीत टाकलं, दुकान बंद केलं आणि स्टँडकडं पळत सुटले.

ढवळेवाडीला एसटी दुपारी होती. वडापची जीप उभी होती, पण वडाप भरल्याशिवाय हलत नाही. जीपमध्ये सात माणसं बसली होती. ड्रायव्हर बाहेर उभा राहून निवांत तंबाखू मळत होता.

“कधी सोडताय?” मी विचारलं.

“आजून चार शिटा येऊ द्या.”

“मला घाई आहे हो.”

“समद्यांनाच हाय. लग्नसराई हाय, ताई.”

पंधरा मिनिटं गेली. एक माणूस आला, विचारून निघून गेला. घड्याळात दहा चाळीस. अकराला परण्या निघणार. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात, आणि परण्याला आवाज कमी ठेवलेला मी जन्मात ऐकलेला नाही.

“माझा भाऊ भाजलाय,” मी म्हणाले.

ठरवून म्हणाले नाही. तोंडातून गेलं. जीपमधली सगळी माणसं माझ्याकडं वळली. ड्रायव्हरनं तंबाखू तशीच झटकली आणि स्टेअरिंगवर चढला.

वाटेत शेजारच्या म्हातारीनं माझा हात धरला. “कुठं भाजलाय गं लेकरू?”

“हात,” मी म्हणाले.

“दोनी?”

“दोन्ही.”

“आगं बाई. कशानं?”

“मशीन पेटलं.”

मी खोटं बोलत होते आणि ती एकेक प्रश्न विचारत होती आणि प्रत्येक उत्तराबरोबर मला ते डोळ्यांसमोर जास्त स्पष्ट दिसायला लागलं होतं. घरात अभद्र बोललं की वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, अशी माझ्या आईची समजूत होती. जीपलाही वास्तुपुरुष असतो का, हा विचार खरोखर माझ्या डोक्यात आला. मी तोंडाला पदर लावला आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, खोटं आहे, खोटं आहे, मी खोटं बोलले. म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

ढवळेवाडीचा फाटा आला तशी जीपची काच थरथरायला लागली. गाव अजून अर्धा मैल लांब होतं. बेस ऐकू यायच्या आधी अंगाला लागत होता.

“आयला, काय बेस हाय!” ड्रायव्हर म्हणाला.

त्याचं खरं होतं. आवाज रोजच्यापेक्षा मोठा होता, भरदार होता. अडवणूक कमी झाल्यावर असंच होतं. मशीन मरायच्या आधी जीव ओतून वाजतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काम फक्कड झालंय. मी जीपमधून उतरले आणि आवाजाच्या दिशेनं पळाले.

परण्या वेशीपाशी होता. पुढं घोड्यावर नवरदेव, त्याच्यापुढं नाचणारी पोरं, मागं बायका, आणि सगळ्यांच्या मागं ट्रॅक्टर आणि ट्रॉली. ट्रॉलीला चहूबाजूंनी झालर लावलेली, लाल आणि सोनेरी. पत्रा तापवणारं ऊन होतं. मी गर्दीतून वाट काढत ट्रॉलीपाशी पोचले आणि लगेच तो वास आला. तापलेल्या वार्निशचा, थोडा गोडसर, थोडा करपट. बाकी कुणाला तो कळला नसता. माझी अकरा वर्षं त्या वासात गेली होती.

“आनंदा!”

तो फटीत बसला होता. घामानं निथळत होता. मला बघून त्याचा चेहरा फुलला.

“आक्का! तू कशी आलीस?” तो बेंबीच्या देठापासून ओरडला. “आयकतियास न्हवं? दाजींनी काय बेस लावलाय बघ!”

मी साडी खोचली, चाकावर पाय ठेवला आणि जनरेटरवर हात टेकून वर चढले. खाली कुणीतरी हसलं.

“बंद कर मशीन.”

“आं?”

“बंद कर! स्पीकर चारचे आहेत!”

“कसले चारचे? दाजींचं काम हाय. चुकायचं न्हाई.”

“मशीनला हात लाव.”

“उन्हानं तापलंय गं. फॅन लावलाय की.” खरंच त्यानं मशीनसमोर टेबलफॅन लावला होता. बिचारा स्वतःला सोडून मशीनला वारा घालत होता.

“हात लाव म्हणते ना!”

त्यानं मशीनच्या मागच्या बाजूला बोटं टेकली आणि झटक्यात काढून तोंडात धरली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं बंद करायला हात पुढं केला आणि थांबला. नाना ट्रॉलीकडं येत होते.

“वहिनी? हे काय आणि?”

“नाना, बंद करायला सांगा. पेटेल.”

“परण्यात बंद करू? येडं का काय! वेशीतच आवाज थांबला तर अपशकुन म्हणून नवरदेवाचा चुलता माझ्या अंगावर धावून येईल.” मग त्यांनी डोळे बारीक केले. “मिस्त्रींनी पाठवलंय तुम्हाला?”

खरं सांगायचं तर नाही म्हणायला पाहिजे होतं. पण नाही म्हटलं असतं तर त्यांनी माझं ऐकलं नसतं. बाईमाणूस, मिस्त्रीची बायको, तिला काय कळतंय? आणि दुसरंही एक होतं. हो म्हटलं तर ह्यांची अब्रू राहणार होती. संध्याकाळी माझी बोटं शाबूत राहणार होती.

“व्हय,” मी म्हणाले. “त्यांनीच पाठवलंय. त्यांच्या ध्यानात आलं. घाईत आठच्या जागी चारचे गेले. जा पळत आणि थांबव, म्हणाले.”

नाना आनंदाकडं वळले. “पाड मेन!”

आवाज तुटला. एकदम एवढी शांतता झाली की घोड्याच्या गळ्यातली घुंगरं ऐकू आली. नाचणारी पोरं हात वर करून तशीच उभी राहिली. पुढून कुणीतरी शिवी हासडली.

मशीन ट्रॉलीत आदळू नये म्हणून त्याखाली घडी केलेली गोधडी ठेवतात. आनंदानं फडक्यानं धरून मशीन एका बाजूनं उचललं आणि मी गोधडी ओढून काढली. वरची घडी तपकिरी झाली होती. मधली काळी. मी ती उलगडली तसा वारा लागला आणि आत रुपयाएवढ्या भोकाची कड लाल झाली. मी ती गोधडी ट्रॉलीबाहेर फेकली. ती मातीत पडून धुमसायला लागली आणि बायका मागं सरकल्या. ती जिथं होती तिथून डिझेलचा कॅन हातभर लांब होता.

नाना त्या गोधडीकडं बघत राहिले. मग त्यांनी आनंदाची कॉलर धरली. “किती सोडला हुतास रं आवाज? आं? मशीन जाळतोस माझं?”

साउंडच्या धंद्यात हे असंच असतं. काही जळलं की पहिला हात ऑपरेटरच्या गळ्यापाशी जातो. तूच आवाज जास्त सोडलास. आनंदा मान खाली घालून उभा राहिला. त्याला त्याची सवय होती.

“नाना, सोडा त्याला,” मी म्हणाले. “आवाज रोजचाच होता. चूक दुकानातली आहे, सांगितलं ना. आता मला पंधरा मिनिटं द्या.”

हलगीवाल्यांना पुढं घातलं आणि परण्या हलगीवर चालू राहिला. मी तिथंच उन्हात खोक्याची जाळी काढली, सोळा बोल्ट काढले. दोन चारचे स्पीकर शेजारी-शेजारी जोडले होते, ते मी एकापाठोपाठ एक जोडले. पहिल्याचं काळं टोक दुसऱ्याच्या लाल टोकाला. अशी जोडणी केली की चार आणि चार मिळून आठ होतात, अडवणूक वाढते, मशीनवरचा भार उतरतो. आवाज थोडा बसतो, पण कुणी मरत नाही. मीटर लावला. सात. बोल्ट दोनदा खाली पडला. आनंदानं तो उचलून दिला.

मशीन निवल्यावर पुन्हा चालू केलं. मारुतीच्या देवळापर्यंत ते नीट वाजलं आणि बारा पस्तीसच्या मुहूर्तावर लग्न लागलं.

जेवताना नाना पंगतीत सगळ्यांना सांगत होते. “मानूस म्हंजे अर्जुन मिस्त्री. दुसरा असता तर गप बसला असता. चूक कळली तशी बायकोला पळवत पाठवली. असली मानसं ऱ्हायली न्हाईत आता.” लोक माना डोलवत होते. आनंदा माझ्याशेजारी बसला होता, त्याचे डोळे भरून आले होते. “दाजींनी वाचवलं मला, आक्का,” तो म्हणाला. मी नुसती हसले.

पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. सगळं जमलं होतं. भाऊ वाचला, नवऱ्याचं नाव झालं. तीन वाजता नानांच्या टेम्पोतून विट्याला उतरले तेव्हा मला वाटत होतं की संध्याकाळी हे कदाचित रागावणारसुद्धा नाहीत.

हे चारला आले. स्टँडवरच कुणीतरी गाठून सगळं सांगितलं होतं. मी चेहरा वाचायला बघत होते, पण त्यात काही नव्हतं. ह्यांनी कोनांचा गठ्ठा खाली ठेवला, हातपाय धुतले आणि पाटावर बसले.

“ढवळेवाडीला गेली होतीस.”

“हो.” मी भडाभडा सांगून टाकलं. “मी तुमचं नाव घेतलं. तुमच्याच ध्यानात आलं, तुम्हीच पाठवलं, असं सांगितलं. लोक तुमचं कौतुक करत होते. नाना तर पंगतीत—”

“काय सांगितलंस? चूक झाली म्हणून?”

“घाईत चूक झाली, एवढंच. कुणाचीही होते.”

“कुणाचीही होत असेल. अर्जुन मिस्त्रीची होत नाही.” हे पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून बोलले. आवाज चढलेला नव्हता. “अगं, मला डोळे नाहीत का? चारचेच होते ते. आठचे आलेच नव्हते. मग काय खोका परत पाठवू? माझ्या दुकानातून? एक परण्या तर काढायचा होता. निघाला असता. उद्या आठचे आले की बदलून दिले असते, कुणाच्या बापाला कळलं नसतं. आता गावभर झालं, मिस्त्री चुकला.”

मी म्हणाले, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“तुला मीटर बघायला लागतो. मला वजनावरून कळतं.”

“मशीनवर आनंदा होता.”

“म्हणून तर दिला. परका ऑपरेटर असता तर मशीन गेल्यावर दुकानावर बोंबलत आला असता. आनंदा घरचा. नानांच्या दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि गप बसला असता.”

“गोधडी पेटली होती. त्याच्या मांडीजवळ.”

“पेटला का तो? नाही ना? मग वाढ आता. भूक लागलीय.”

त्या दिवशी ह्यांनी माझ्यावर हात उचलला नाही. अकरा वर्षं मी ह्यांच्या रागाला भ्याले. राग आला की कुठं उभं राहायचं, काय बोलायचं नाही, हे मला पाठ होतं. ह्या शांत माणसाचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. मी ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि हे पहिला घास घेत असताना मागच्या दारानं बाहेर पडले. पायात चप्पल घालायचं भान राहिलं नाही.

आनंदा घरी एकटाच होता. त्याची बायको माहेरी गेली होती. तो चहा करत होता. मला बघून त्यानं दुसरा कप काढला.

“दाजी आले? काय म्हणाले? मी आत्ता पाया पडायलाच येणार हुतो.”

मी खाली बसले. पाय भाजले होते.

“आक्का? काय झालं?”

“मला त्यांनी पाठवलं नव्हतं,” मी म्हणाले. “मीच आले होते.”

“बरं. मग? त्यांना नंतर कळलं व्हय?”

“नंतर नाही. बसवायच्या आधीच माहीत होतं.”

आनंदा कपाचा कान धरून तसाच उभा राहिला. “आनि मशीनवर मी हाय, हे?”

“तेही.”

स्टोव्हवर चहा उतू गेला. त्यानं स्टोव्ह बंद केला. दिवसाउजेडी त्या गल्लीत कुणी दार लावत नाही, माणसं आतबाहेर करत असतात. आनंदा दाराशी गेला, त्यानं बाहेरचं दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली. “दाजी आले तरी काढायची न्हाई,” तो म्हणाला.